मेंदूपर्यंत पोचलेले यंत्र आणि भिलाईचा अनुभव

यंत्र कोणाचे आणि ते कोणासाठी चालणार, हा प्रश्न भिलाईच्या कामगाराला नवा नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी करार होऊन दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले, त्या वेळी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून गेलेल्या मराठी कुटुंबांसह देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे त्या भट्टीभोवती वसली. सोव्हिएत तंत्रज्ञांनी यंत्रे दिली आणि ती चालविण्याची विद्याही दिली. यंत्र जनतेच्या मालकीचे असेल तर ते माणसाला मोठे करू शकते, ही भिलाईची पहिली शिकवण. तेच यंत्र माणसाला बाजूला सारण्यासाठीही वापरता येते, ही दुसरी शिकवण तिला पुढे दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणींतून मिळाली.

या दोन्ही शिकवणी आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, यंत्र आता माणसाच्या हाताजवळ न थांबता थेट त्याच्या मेंदूपर्यंत पोचले आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने, मानेखालचे सारे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत नाण्याएवढे यंत्र बसविले. हात न हलविता, केवळ हालचालीचा विचार करून तो संगणकाच्या पडद्यावरील बाण फिरवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. पुढच्याच महिन्यात भिलाईजवळ कुटेलाभाटा येथे आयआयटीच्या कायम परिसराचे लोकार्पण झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु पहिल्या घटनेमागील विद्या जगभरच्या प्रयोगशाळांतून बाजारात आणि बाजारातून कारखान्याच्या दारात उतरू लागली आहे. ती भिलाईच्या दारात येऊन उभी राहण्यापूर्वीच कामगारवर्गाने तिचा विचार केला पाहिजे.

विद्या जुनी, बाजार नवा

इंग्रजीत ज्याला ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ म्हणतात, त्या मेंदू-संगणक जोडणीत जादूटोण्यासारखे काही नाही. मेंदूतील पेशी परस्परांशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌संकेतांनी व्यवहार करतात. डोक्याच्या त्वचेवर ठेवलेल्या पट्टीला त्यांचा जो अंश मिळतो तो सहसा एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो. जर्मनीतील येना येथील वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या या लहरी प्रथम नोंदविल्या आणि १९२९ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात अपस्माराच्या रोग्याची जी ईईजी तपासणी होते, ती याच शोधाची देणगी आहे.

या लहरींनी संगणक चालविता येईल, ही कल्पना १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील जाक विदाल यांनी मांडली. १९७७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील माणसांनी पडद्यावरील चक्रव्यूहातून एक ठिपका मेंदूच्या संकेतांनी फिरवून दाखविला. म्हणजे ही विद्या जन्मापासूनच खेळाच्या रूपात वावरत आली आहे. तिच्या जन्माच्या वेळी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा उपस्थित होता, हेही विसरता येणार नाही. त्याच संस्थेने २०१८ साली, शस्त्रक्रियेवाचून सैनिकाचा मेंदू यंत्राला जोडता यावा म्हणून स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला.

मधल्या काळात या विद्येने माणसाला जे दिले ते लहान नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियातील दोन संशोधक गटांनी, आजाराने किंवा पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णांना मेंदूत बसविलेल्या तारांच्या साह्याने मिनिटाला साठाहून अधिक शब्द बोलते केले. ज्याची बोटे हलत नाहीत त्याला पत्र लिहिता यावे, ज्याची जीभ हलत नाही त्याला आपल्या मुलांशी बोलता यावे, याहून विज्ञानाचे उदात्त काम कोणते? भट्टीच्या तोंडाशी किंवा उंच मचाणावर काम करताना कायमचा जायबंदी झालेला कामगार ज्याने पाहिला आहे, तो या यंत्राला शाप देणार नाही.

परंतु भांडवलाचे अर्थकारण जायबंदी माणसाच्या हिशेबाने चालत नाही. पक्षाघाताचे रोगी थोडे आणि बहुधा निर्धन. दूरध्वनी, संगणक आणि खेळ वापरणारे निरोगी लोक मात्र कोट्यवधी. म्हणून रुग्णाचे चित्र पुढे ठेवून नफ्याची नजर निरोगी माणसाच्या कपाळाकडे वळविण्यात येत आहे. डोक्यावर पट्टी बांधून खेळावयाची खेळणी २००९ पासूनच अमेरिकी बाजारात आहेत. फेसबुकच्या मालकांनी २०१९ मध्ये मनगटाच्या स्नायूंतील विद्युत्‌संकेत वाचणारी कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये तशी मनगटपट्टी चष्म्याबरोबर विक्रीस आणली. ॲपल कंपनीनेही २०२५ मध्ये आपल्या दूरध्वनींना व संगणकांना मेंदूचे संकेत थेट स्वीकारता यावेत अशी सोय जाहीर केली.

खेळण्याच्या वाटेने

खेळाच्या पट्टीत वाईट ते काय, असे कोणी विचारील. पट्टी स्वस्त आहे, कवटी फोडावी लागत नाही आणि पोरे मजेत खेळतात. तिची कुवतही आज तोकडीच आहे. ती विचार वाचू शकत नाही. मन एकाग्र आहे की भटकते आहे, माणूस जागा आहे की पेंगुळला आहे, इतकाच ढोबळ अंदाज ती बांधते. त्यातही पापणी लवली किंवा दात आवळले तरी तिची फसगत होते.

तथापि प्रश्न पट्टीच्या अचूकतेचा नाही. प्रश्न असा आहे की, खेळणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला संकेत कोठे जाऊन साठतो आणि त्याचा धनी कोण होतो. पडद्यावरचे कोणते दृश्य पाहून मन उचंबळते, कोणत्या क्षणी कंटाळा येतो, हे ज्याला कळले त्याला माणसाला खेळाशी खिळवून ठेवण्याची किल्ली सापडली. या किल्लीची किंमत भिलाईला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ‘महादेव’ नावाच्या ज्या सट्टा ॲपमुळे देशभर खळबळ उडाली, त्याचे कथित प्रवर्तक याच भिलाईचे रहिवासी असल्याचे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला करावा लागला. तोवर किती घरे धुऊन निघाली होती! ज्या बाजाराने केवळ बोटांच्या चाळ्यांवरून माणसाचा दुबळा क्षण हेरला, त्याच्या हाती मेंदूच्या लहरी आल्या तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

खेळण्याचे दुसरे कार्य याहून खोल आहे. ते माणसाला सवय लावते. जी पट्टी मुलाने हौसेने कपाळाला बांधली, ती उद्या शाळेने बांधावयास सांगितली तर नवल वाटत नाही आणि परवा मुकादमाने सांगितली तर विरोधाची भाषाच सुचत नाही. ही कल्पनेची भरारी नाही. २०१९ साली चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या एकाग्रतेची मोजणी करणाऱ्या पट्ट्या वापरल्या जात असल्याचे उघड झाले. लोकांनी संताप व्यक्त केल्यावर स्थानिक शिक्षण खात्याला त्या थांबवाव्या लागल्या. समाजवादाचे नाव घेणाऱ्या देशात असे घडते तेव्हा कम्युनिस्टांनी त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तेथील लोकांनी विरोध केला आणि तो यशस्वी झाला, हाच त्यातील घेण्यासारखा धडा आहे. शिकवणी वर्गांनी गजबजलेल्या भिलाईच्या पालकांनी तो आधीच घेतलेला बरा.

घड्याळाकडून पट्टीकडे

१८९९ च्या सुमारास अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांनी लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांच्या हालचाली मोजून मजुरीच्या मानाने कितीतरी अधिक काम काढून दाखविले. त्यालाच पुढे ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले. त्या घड्याळाने हात मोजले. परंतु हात चालत असताना मजुराचे मन कोठे आहे, हे त्याला कळत नव्हते. कामगाराच्या अंगात मालकाची सत्ता जेथे पोचत नव्हती, अशी ती एकच जागा उरली होती. गावाकडच्या शेताची आठवण, मुलीच्या लग्नाची चिंता, संपाचा विचार, सारे त्या जागेत सुरक्षित असे.

आता त्या जागेलाही दार पडू लागले आहे. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एका टोपीत मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी असते. खाणीतील अवजड डंपर चालविणाऱ्याला झोप येऊ लागली की ती इशारा देते. चीनमधील काही कारखान्यांत व वीज कंपन्यांत अशी शिरस्त्राणे वापरली जात असल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या. कारण सर्वत्र एकच सांगितले जाते: कामगाराची सुरक्षितता. शब्द गोड आहे आणि म्हणूनच त्याची पारख भिलाईच्या कसोटीवर केली पाहिजे.

भिलाईची कसोटी

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपगृहाजवळ विषारी वायूची गळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. १४ जून २०१८ रोजी विस्तारित व आधुनिक कारखान्याचे मोठ्या थाटाने राष्ट्रार्पण झाले आणि चार महिने उलटण्याच्या आतच, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी, कोकभट्टी विभागातील वायुवाहिनीत भडका उडून त्याच दिवशी किमान नऊ जणांचा अंत झाला. पुढील दिवसांत हा आकडा आणखी वाढला.

या मृतांच्या मस्तकावर पट्टी असती तर कोणाचा जीव वाचला असता? विषारी वायू माणूस जागा आहे की पेंगुळला आहे, याची चौकशी करीत नाही. ज्याची चौकशी व्हावयास हवी होती ती नळांची, झडपांची, वायूची सूचना देणाऱ्या उपकरणांची आणि देखभालीसाठी किती अनुभवी माणसे उरली आहेत याची. मेंदूची पट्टी या सर्व गोष्टींवरून नजर हलवून ती कामगाराच्या कपाळावर खिळवते. अपघात झाला की नोंदवहीत वायुवाहिनीचे वय लिहिले जाणार नाही. अमुक कामगाराचे लक्ष अमुक वाजता विचलित झाले होते, असे लिहिले जाईल. सुरक्षिततेचे यंत्र म्हणून आलेली पट्टी दोषारोपाचे यंत्र होईल. तिची फसगत दात आवळल्यानेही होते, हे चौकशी अधिकाऱ्यापुढे कोण सिद्ध करणार? पाळी संपल्यावर बिदागीवाचून घरी पाठविला जाणारा कंत्राटी मजूर?

थकव्याचे मूळही डोक्यात नाही. भिलाईत कायम कामगारांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली आणि त्यांची जागा कंत्राटी मजुरांनी घेतली. तेच काम थोड्या माणसांकडून, अपुऱ्या शिक्षणानिशी आणि सलग पाळ्यांत करून घेतले की डोळ्यांवर झापड येणारच. थकवा मोजावयाचाच असेल तर पाळीचा तक्ता मोजावा, मजुरीची पावती मोजावी. त्यासाठी मेंदूत डोकावण्याची गरज नाही. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहेत.

येथेच दल्ली-राजहराची आठवण अपरिहार्य होते. भिलाईला खनिज पुरविणाऱ्या या खाणींतील कंत्राटी मजूर १९७७ साली संघटित झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील ११ जण बळी पडले. पुढे संपूर्ण यांत्रिकीकरणाची योजना आली तेव्हा त्यांनी यंत्रे फोडली नाहीत. जे काम धोक्याचे आणि शरीर मोडणारे आहे ते यंत्राने करावे, पण हजारो हात रिकामे होऊ नयेत, अशी अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना त्यांनी मांडली. १९८३ साली त्यांनी स्वतःच्या श्रमाने आणि पैशाने शहीद हॉस्पिटल उभे केले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना खून करण्यात आला. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक जण ठार झाले. त्या चळवळीच्या मार्गाविषयी ज्यांचे मतभेद होते, त्यांनीही तिच्याकडून एक गोष्ट शिकली पाहिजे: यंत्र यावे की नाही, एवढ्यावर न थांबता ते कोणत्या अटींवर यावे, हे सांगण्याचा अधिकार कामगारांनी स्वतःकडे घेतला.

१८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने दाखवून दिले आहे की, यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद ओळखण्यास कामगारांना काळ आणि अनुभव लागला. भिलाईच्या कामगाराला तो अनुभव आहे. अलीकडे बायोमेट्रिक हजेरीवरून कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात जो वाद झाला, तो याच प्रश्नाचा एक पैलू होता. बोटाचा ठसा आणि चेहरा आधीच यंत्राच्या हवाली झाले आहेत. कपाळ तेवढे बाकी आहे.

कायद्याचे कुंपण कोठे आहे?

मेंदूच्या लहरींचा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे एकदा येऊन गेला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेपेची शिक्षा देताना आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा आधार घेतला. त्या चाचणीच्या शास्त्रीयतेबद्दल तज्ज्ञांनी गंभीर शंका घेतल्या. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीवाचून अशी चाचणी करणे म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय आणि राज्यघटनेला ते मान्य नाही. खुनाचा आरोप असलेल्या माणसालाही पोलिसांपासून जे संरक्षण मिळाले, ते आठ तास घाम गाळणाऱ्या निरपराध कामगाराला मालकापासून का मिळू नये?

मिळत नाही, हेच सत्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. या कायद्याच्या सातव्या कलमात, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी, कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा आहे. मेंदूच्या लहरींसारख्या अतिनाजूक माहितीसाठी वेगळा, कडक दर्जाही या कायद्यात ठेवलेला नाही. ज्या घरात मालकासाठी मागचे दार उघडे आहे, त्याच्या पुढच्या दाराला कितीही मोठे कुलूप लावून उपयोग काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या श्रमसंहितांचीही हीच तऱ्हा आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार सेवाशर्तींत ठराविक प्रकारचा बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे. नव्या तंत्राने कामगारकपात होण्याचा संभव असेल तर ही नोटीस लागते. परंतु जे तंत्र कामगाराला काढीत नाही, केवळ त्याच्यावर अहोरात्र पहारा ठेवते, त्याचा तेथे नावानिशी उल्लेख नाही. मात्र शिस्तीचे नवे नियम लागू करणे हा विषय त्या परिशिष्टात आहे. डोक्यावर पट्टी चढविणे हा शिस्तीचा नवा नियम आहे, अशी भूमिका घेऊन संघटनांना नोटिशीची व वाटाघाटीची मागणी करता येईल. हे हत्यार लहान आहे, पण हाताशी आहे.

जगात इतरत्र याहून पुढची पावले पडली आहेत. चिली देशाने २०२१ साली आपल्या घटनेतच मेंदूच्या क्रियांना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, डोक्यावरील पट्टी विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठविलेली माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोनेही या विद्येसाठी नैतिक मार्गदर्शक शिफारशी स्वीकारल्या. छोट्या चिलीला जे सुचले ते भारताला का सुचू नये?

कर्तव्य

या प्रश्नावर दोन चुका टाळावयाच्या आहेत. यंत्र दिसताच तोंड फिरविणे ही पहिली. तिने लुळ्या पडलेल्या माणसाचा हक्क बुडतो. विज्ञान आले म्हणजे प्रगती आपोआप येते असे मानणे ही दुसरी. तिने निरोगी माणसाचे स्वातंत्र्य बुडते. पक्षसभासदांनी आपापल्या कामगार संघटनांत, शिक्षक व पालक संघटनांत पुढील मागण्या मांडून त्यांवर चर्चा घडवून आणली पाहिजे.

एक, कामाच्या ठिकाणी मेंदूचे संकेत टिपणारे कोणतेही साधन कामगारावर सक्तीने लादता कामा नये, आणि नकार देणाऱ्याची नोकरी, बढती वा कंत्राट यांना धक्का लागता कामा नये. दोन, अशा साधनाची नोंद शिस्तभंगाच्या चौकशीत वा अपघाताच्या चौकशीत कामगाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यास कायद्याने मनाई असावी. तीन, माहिती संरक्षण कायद्यातील मालकाला दिलेली सूट रद्द करावी आणि औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टात पाळतीच्या साधनांचा स्पष्ट समावेश करावा. चार, अल्पवयीन मुलांच्या मेंदूची माहिती शाळांनी, शिकवणी वर्गांनी वा खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी गोळा करण्यास पूर्ण बंदी असावी.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची, कारण ती नकाराची नाही. भिलाईची आयआयटी, रायपूरचे एम्स आणि अपंगांसाठी साधने बनविणारा १९७२ पासूनचा सार्वजनिक उपक्रम अलिम्को या तिन्ही संस्था जनतेच्या पैशाने उभ्या आहेत. पक्षाघाताने वा अपघाताने पांगळ्या झालेल्या माणसाला बोलते करणारे स्वस्त यंत्र त्यांनी मिळून घडवावे आणि ते कामगारांच्या रुग्णालयांतून विनामूल्य द्यावे. जी विद्या अमेरिकेत धनाढ्याच्या मक्तेदारीखाली आहे, ती येथे सार्वजनिक मालकीची करून दाखविता येईल. १९५५ साली पोलादाच्या बाबतीत या देशाने नेमके हेच केले होते.

भिलाईच्या भट्टीने रूळ दिले आणि त्या रुळांवरून सारा देश धावला. त्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे हात कारखान्याने घेतले, घाम घेतला, पुष्कळदा प्राणही घेतला. त्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र त्याचे त्यालाच ठाऊक होते, आणि त्या मनातूनच संघटना उभ्या राहिल्या. ते मन राखणे ही आता कामगार चळवळीची नवी जबाबदारी आहे. किमान वेतनाइतकीच आणि आठ तासांच्या पाळीइतकीच ती खरी आहे.